कुंडीखालचं पाणी

नलिनीताई ऑपरेशनसाठी साताऱ्याला गेल्या, तेव्हा चंदीगडच्या सरकारी क्वार्टरची किल्ली त्यांनी समोरच्या पद्मिनीकडे दिली. बाल्कनीतल्या कुंडीतला बांबू त्यांनी पोरासारखा वाढवला होता.

पद्मिनी एकदाही तिकडे फिरकली नाही. फोनवर मात्र दर वेळी "घातलं की पाणी" म्हणत राहिली.

जूनमधल्या एका दुपारी ताईंचा दवाखान्यातून फोन आला. "आज पाणी घालताना मला फोनवर ठेव गं. तेवढाच जीव रमेल."

पद्मिनीनं कुलूप उघडलं. बांबूच्या पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या, मातीला भेगा पडल्या होत्या. शरमेनं तिला फोनकडे बघवेना. तिनं घाईघाईनं बादली ओतली. मग दुसरी, तिसरी. इतक्या वाळलेल्या मातीतून पाणी सरळ खाली यायला हवं होतं, पण कुंडीखालची ताटली कोरडीच राहिली. तिनं खालच्या भोकात बोट घातलं. बोटाला नुसती धूळ लागली.

"खाली आलं का गं? येईपर्यंत घाल."

खरं सांगायला तिची जीभ रेटेना. "हो ताई, आलं."

मग फोनमधून पाण्याची धार पडताना ऐकू आली.

"हो, आलं," नलिनीताई हळूच म्हणाल्या. "इथं माझ्या पलंगाखाली साचलंय. आता बास कर गं, अंथरुणाला लागलं."

पद्मिनीच्या हातातली बादली केव्हाच रिकामी झाली होती. फोनमधली धार मात्र वाढतच होती.