डोंगराकडचा भोंगा

"भोंगा डोंगराकडे करून ऐकणार कोण, माकडं?" साउंडवाला केतन शाहिरावर तापला.

"तू फिरव. बाकीचं मी बघतो."

जाखडीच्या नाचाला अख्खी वाडी समोर बसलेली, आणि भोंगा पाठमोरा! डोंगरावर घर एकच, शाहिराच्या धाकट्या भावाचं. बांधावरून भांडून तो मृदंग घेऊन वर गेला, तो तीन वर्षं खाली उतरला नव्हता. तेव्हापासून पोरं नुसत्या टाळांवर नाचत होती.

केतनने चरफडत भोंगा फिरवला. शाहिराने गण धरला. दुसऱ्या कडव्याला वरून मृदंग घुमला, अगदी तालात. शाहिराने गाणं सोडलं नाही, फक्त मान खाली घातली.

केतनने खिशातून बाईकची चावी काढली.

"मृदंग माईकपासून फारच लांब पडतोय," तो टाळवाल्याला म्हणाला. "वाजवणाऱ्यासकट घेऊन येतो."