सातवं बटण

“मी सांगेपर्यंत कुणी मूठ उघडायची नाही!” आरोग्य केंद्रातून आलेल्या सिस्टर ओरडल्या. शिवणकारखान्यातल्या शंभर जणी मुठी आवळून उभ्या होत्या. प्रत्येकीने डोळे मिटून डब्यातून एकेक बटण उचललं होतं. काज-बटणवालीची मूठ तर घामाने चिंब झाली होती.

तिची पाळी अकरा दिवस चुकली होती. काल संध्याकाळी धीर करून नवऱ्याला सांगितलं, तर तो भडकलाच. “गोळी कधी फसते का? तू घेतच नव्हतीस. मुद्दाम केलंस! रविवारी तुझ्या भावाला बोलावतो, घेऊन जाऊ दे तुला.” आता काय म्हणावं या माणसाला! ती बिचारी दात घासले की आधी गोळी घ्यायची, मग चहा. धाकटीला ताप होता तेव्हा तेवढी एक राहिली, तीही दुसऱ्या दिवशी आठवणीने घेतली. पण ऐकतो कोण? सासूबाई तिथेच कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्यांनी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.

त्याच सासूबाई आता तिला खेटून उभ्या होत्या. याच कारखान्यात त्या धागे कापायच्या.

“हे बघा,” सिस्टर म्हणाल्या, “शंभर जणी वर्षभर पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतात. एकही न चुकवता घेतल्या, तर शंभरात एखादीलाच दिवस जातात. पण आपण माणसं. कधी विसरतो, कधी उशीर होतो. मग वर्षाकाठी साधारण सात जणींना दिवस जातात. म्हणून डब्यात सात बटणं लाल होती. उघडा मुठी!”

एकच हशा पिकला. “अगं बाई, माझा नवरा तर सहा महिने परगावी आहे!” लाल बटण नाचवत इस्त्रीवाली किंचाळली.

“हसू नका. या बायकांनी गुन्हा केलाय का काही? आणि विसरायची भीती वाटते ना, तर तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवा. तिथे शंभरात एखादीच.” सिस्टरांनी लाल बटणं मोजली. “सहाच? सातवी कोण?”

काज-बटणवालीने अजून मूठ उघडली नव्हती. लाल येऊ दे देवा, नवऱ्याला दाखवायला काहीतरी हातात असू दे. तिने मूठ उघडली. बटण पांढरं होतं. तिला रडूच फुटलं.

तेवढ्यात तिच्या तळहातावर दुसरं बटण पडलं. लाल. सासूबाईंनी तिची मूठ मिटवली आणि वरून घट्ट धरून ठेवली.

“घरी चल, त्याला मीच सांगते,” त्या म्हणाल्या. “मीही गोळ्या घेत होते, तरी तो झाला.”