मुखवट्याचे डोळे

नातीच्या डोक्यामागे मी माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधला. "वाघ मागून येते, पोरी. हरणाचे डोळे बाजूले असतात, त्याले मागचंही दिसते. आपले पडले समोर. म्हणून हा मुखवटा. वाघाले वाटते, हे आपल्याकडंच पाहून राहिले. मग तो येत नाही."

"खरंच?"

"मागच्या साली माझ्या मुखवट्याच्या मिशा पाहून एक वाघ लाजला. रामराम करून गेला."

ती खदखदून हसली. मग आम्ही दोघं वाकून मोहाची फुलं वेचू लागलो. थोड्या वेळानं माझ्या पाठीकडून तिचा आवाज आला. "आबा, तू वाकला का मुखवटा आभाळात पाहते."

माझा हात फुलांतच थांबला. इतक्या मोसमांत हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तेवढ्यात झाडावरचं वानर खाकरलं, वाघ दिसला की खाकरतं तसं. मी सावकाश उठून वळलो. ती पुन्हा वाकली होती. तिच्या मागच्या झुडपात पाचोळा वाजला आणि थांबला.

"पोरी, उभी राय," मी हळूच म्हणालो. "पळू नको. मागं तोंड कर. वाघ आहे."

ती वाकलेलीच हसली. "रामराम कराले आला का?"