ऑपरेशनची वेळ

चौकातल्या वाहतूक पोलिसाला एका स्कूटरनं उडवलं आणि त्याच्या उजव्या कोपराचं हाड मोडलं. चौकापलीकडच्याच दवाखान्यात त्याला दाखल केलं.

"हाड लवकर बसवलं नाही, तर हात कायमचा वाकडा राहील," मोठ्या डॉक्टरांनी बजावलं आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो उपाशीपोटी वाट बघत पडला. डॉक्टर उगवले ते दुपारी. तोवर भूल देणारे डॉक्टर कंटाळून निघून गेले होते. त्यानंतर रोज हेच. हात सुजून टम्म झाला.

"सिस्टर, डॉक्टरांना रोज उशीर का होतो हो?"

"चौकात गाडी अडकते त्यांची. तुम्ही इथे झोपलात, तिकडे बघायला कोणी नाही."

पुढच्या सकाळी त्यानं मोडका हात गळ्यात अडकवला, शिट्टी तोंडात धरली आणि गुपचूप चौक गाठला. डाव्या हातानं त्यानं सगळा गुंता सोडवला. डॉक्टरांची गाडी समोरून सुळकन निघून गेली, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. मागे खोळंबलेल्या गाड्यांना तसंच सोडून जाणं काही त्याला जमेना. त्या वाटेला लावून तो धापा टाकत वॉर्डात पोचला, तर त्याच्या जागी दुसऱ्याच पेशंटला आत नेलं होतं.

"तुम्हाला किती हाका मारल्या," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर भयंकर चिडले. म्हणाले, या लोकांना वेळेची किंमतच नाही."