कारल्याचा नियम

बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नियम घ्यायच्या रांगेत पुढं दोनच माणसं उरली, तशी आक्काताईनं नवऱ्याच्या कमरेत कोपर ढोसलं आणि पुन्हा एकदा पुटपुटून सांगितलं, भात, साखर, गूळ. तीनच शब्द. बाबगोंडानं मान हलवली. मान हलवायला त्याचं काय जात होतं?

चौदा वर्षं तो मान हलवतच आला होता. मधुमेह निघाला तेव्हा निपाणीच्या डॉक्टरांनी भात कमी करा म्हणून सांगितलं, त्यानं मान हलवली. पुढं भात-चपाती बंदच करून मूग, पनीर, भाज्या खा म्हणाले, त्यानं आणखी जोरात हलवली. डावा डोळा अधू झाला, बेळगावला जाऊन लेझर करून घ्यावं लागलं. येताना त्यानं पाहुण्यांसाठी म्हणून कुंद्याच्या मिठाईचा डबा घेतला. पाहुणे काही आले नाहीत, डबा मात्र चार दिवसांत संपला. आता डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, साखर अशीच राहिली तर उजवा डोळाही जाईल.

तेवढ्यात एक जैन मुनी महाराज चातुर्मासाला गावात, बोरगावात, राहिले आणि आक्काताईच्या जिवात जीव आला. कारण बाबगोंडा डॉक्टरला फसवी, बायकोला फसवी, लेकराची शपथ घेऊन फसवी, पण कुठल्याही महाराजांसमोर घेतलेला नियम त्यानं आजवर मोडला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी कांदा-लसूण सोडला, तो सोडलाच. दिवस मावळल्यावर काही खायचं नाही असा दोघांनी मिळून नियम घेतला, तर तापातसुद्धा त्यानं पेजेला तोंड लावलं नाही. म्हणजे ह्या माणसाला सोडता येतं. फक्त बायकोनं सांगितलं की येत नाही.

पाळी आली. कशाचा त्याग करणार, असं महाराजांनी विचारलं. बाबगोंडानं डोळे मिटून हात जोडले.

"कारलं," तो म्हणाला. "आन् मेथी. जलमभर."

महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. मागच्या बायकांनी भक्तिभावानं हात जोडले. आक्काताईला वाटलं, भर बस्तीत कपाळ बडवून घ्यावं. चौदा वर्षं त्याच्या साखरेसाठी पहाटे उठून तिनं कारली चिरली होती, मेथीच्या जुड्या निवडल्या होत्या, आणि ह्यानं त्यातूनच सुटका करून घेतली, तीही पुण्य पदरात पाडून. जित्याची खोड, दुसरं काय!

मग तिची पाळी आली. ती काही ठरवून आली नव्हती. नवऱ्याला इथवर आणायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पण हात जोडल्यावर तोंडातून आपोआप निघालं.

"ह्येंनी ज्या दिवशी भात न्हायतर गोड खाल्लं, त्या दिवशी मला उपास. चातुर्मास संपंपतोर."

झेपेल का, असं महाराजांनी विचारलं. ह्यांना चौदा वर्षं झेललंय महाराज, आता चार महिन्यांचं काय, असं ती म्हणाली. पिंछी उचलली गेली, तेव्हा बाबगोंडाचे डोळे टक्क उघडे होते.

आता त्यानं काय खाल्लं ते कळेपर्यंत तिला दिवसभर थांबणं आलं. सांजेला त्याला विचारायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं. पहिले दोन दिवस बरे गेले. तो समोर बसून मूग आणि दोडका खाई, हे जेवण का काय म्हणून चरफडे, पण खाई.

तिसऱ्या दिवशी निपाणीत त्याच्या भाच्याच्या, अभिनंदनच्या मुलीचं बारसं होतं. तिथं जाऊन उपाशी बसायचं म्हणजे दहा जणांना उत्तरं द्यायची, म्हणून आक्काताई गेली नाही. बाबगोंडा एकटाच गेला. पंगतीत खपली गव्हाची खीर होती. त्यानं ती दोन वेळा मागून घेतली, वर भात खाल्ला, आणि परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्याला बायको आठवली.

तो घरी पोचला तेव्हा ऊन समोरच्या भिंतीच्या माथ्यावर गेलं होतं. आक्काताई हात धुऊन ताटावर बसली होती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. बाबगोंडा बराच वेळ पाय धूत राहिला.

चौदा वर्षं ती एकच प्रश्न विचारत आली होती, काय खाल्लंत? चौदा वर्षं तो एकच उत्तर देत आला होता, काही नाही. आज तिनं ते विचारलं नाही.

"मी जेवू का?" ती म्हणाली.

'जेव' हा शब्द त्याच्या ओठांवर आलाच होता. तिनं विश्वास ठेवला असता. ती जेवली असती, तिचा नियम मोडला असता, आणि ते तिला कधी कळलंही नसतं. तिचा हात भाकरीवर टेकला होता.

"नको," बाबगोंडा म्हणाला.

तिनं ताट झाकलं, बाजूला सारलं आणि पदराला हात पुसले.

"आन् उद्या?" तिनं विचारलं. "उद्या जेवीन न्हवं?"

बाबगोंडाची मान हलायला लागली होती. ती त्यानं मध्येच थांबवली.