मुठीतली ओल

वांगी शेलूबाजारला विकून घर चालवणाऱ्या शुभांगीनं यंदा वावरात ठिबक टाकलं. रोज सकाळी ती खुरप्यानं माती उकरायची, मुठीत दाबून पाहायची आणि ओल लागली की मोटर लावायचीच नाही. शेजारी पाट भरभरून पाणी सोडत. सासरे पुंजाजी कुरकुरत, "झाडाईले तहानेनं मारून राह्यली तू." ती तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा मुठीत माती घेई.

मे महिन्यात शेजाऱ्यांच्या विहिरी आटल्या. शुभांगीच्या विहिरीत मात्र अजून दोन परस, म्हणजे दोन माणसं उंच, पाणी होतं, अन् वांगी ऐन फुलावर होती. पुंजाजी पहिल्यांदाच म्हणाले, "जमलं बाई तुले."

त्याच दुपारी सरपंच घरी आले.

"शुभांगी, गावात आता तुह्याच विहिरीले पाणी आहे. उद्यापासून ते गावाले प्याले लागते, वावराची मोटर बंद ठेवजो."