दहा मिनिटांचा ब्लॉक

स्मृतिकेंद्रात कुमुदिनी दाणी गेलेल्या नवऱ्याच्या मेंदूतून उतरवलेल्या आठवणी पाहत होत्या. टेपवर लग्न होतं, दांडेलीची सहल होती. पण रोज दारातून मागे वळून त्यांचं "येतो गं" म्हणणं कुठेच नव्हतं.

"काकू, टेपचा ब्लॉक, म्हणजे साठवणीचा एक कप्पा, दहा मिनिटांचा ठेवला होता," तंत्रज्ञ तन्वीर ओशाळून म्हणाला. "त्याहून छोट्या आठवणी साठवल्याच गेल्या नाहीत."

"मग माझ्या आठवणींच्या टेपला सगळ्यात छोटा ठेव."

"दर ब्लॉकनंतर टेप थोडी कोरी सोडावी लागते, त्यात जागा फार वाया जाते. मोठे प्रसंग मावणार नाहीत."

"न मावू देत."

त्याने सेटिंग बदललं आणि अर्ज पुढे ओढला. "तुमच्यामागे या आठवणी कोण पाहणार? एक नाव लागतं."

काकू दोनदा बोलायला गेल्या आणि थांबल्या.

"तुझंच लिही," त्या म्हणाल्या.